आठाची रेघ

टिकली पाणी जास्त प्यायला लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

काळी कुळकुळीत आणि कपाळावर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून टिकली. आमची कुत्री, आठ वर्षांची. जेवणाच्या बाबतीत पहिल्यापासून नखरेल. वाडगा पुढे ठेवला की आधी हुंगायची, मग आमच्या तोंडाकडे बघायची, मग कुठे चार घास खायची. तीच टिकली त्या दिवसांत वाडगा चाटूनपुसून लख्ख करायला लागली आणि खाऊन झालं की लगेच बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहायची. बाबा हरखून गेले. "आता बघ कशी अंगाला लागेल," म्हणायचे. पाण्याचं भांडं दिवसातून तीन-तीनदा भरावं लागत होतं. हवा तापली होती, मी तेच कारण धरून बसले.

अंगाला मात्र काहीच लागत नव्हतं. एकदा आंघोळ घालताना ओल्या केसांवरून हात खाली गेला आणि बोटांना तिच्या पाठीचा कणा लागला, एकेक मणी वेगळा. केस कोरडे आणि फुललेले असताना हे दिसलंच नव्हतं. मी पुन्हा मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. पुन्हा तेच. ती निमूट उभी होती, पाणी निथळत होतं, आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याच आठवड्यात तिने रात्री घरात लघवी केली. पिल्लू असताना शिकल्यापासून एकदाही असं झालं नव्हतं. मी रागावले. ती कान पाडून दाराआड जाऊन बसली. ते कान अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. मी फरशी पुसून घेतली, पण भिंतीच्या कडेला थोडी ओल राहिली असणार, कारण सकाळी तिथे मुंग्यांची रांग लागली होती. मी फडकं हातात घेऊन त्या रांगेकडे बघत उभी राहिले. मधुमेह हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातला मध ऐकू येईनासा झालेला असतो. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत लघवीकडे मुंग्या येतात हे लिहून ठेवलेलं आहे. मला ते कुठल्या तरी वाचनातून अर्धवट आठवलं, आणि मी डॉक्टरांना फोन केला.

रक्तातली साखर ४३६ निघाली. निरोगी कुत्र्याची उपाशीपोटी साधारण ८० ते १२० असते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडं रक्तातली साखर गाळतात आणि पुन्हा आत घेतात, वाया जाऊ देत नाहीत. पण साखर १८० ते २२०च्या पुढे गेली की त्यांना ते झेपत नाही. मग ती लघवीतून जाते, आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे टिकली जास्त पाणी पीत होती म्हणून जास्त लघवी करत नव्हती. लघवीतून पाणी चाललं होतं म्हणून ती जिवाच्या आकांताने पाणी पीत होती. भुकेचंही तसंच. साखर रक्तात नुसती फिरत होती. इन्सुलिन नसल्यामुळे ती पेशींत शिरत नव्हती, आणि शरीर आपलीच चरबी, आपलेच स्नायू जाळून दिवस काढत होतं. कोठार भरलेलं आणि घर उपाशी. मी ज्याला तब्येत सुधारली म्हणत होते, ती ही उपासमार होती.

"नसबंदी केलीय का?" डॉक्टरांनी विचारलं.

केली नव्हती. दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी पुढे ढकलायची. उगाच कशाला कापाकापी, असं वाटायचं. कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे साधारण दोन महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. त्याने स्तनग्रंथींतून वाढीचं संप्रेरक सुटतं, आणि ते इन्सुलिनला दाद लागू देत नाही. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड कमकुवत असेल तर तेवढ्या ओझ्याने थकून जातं. वेळेवर लक्षात आलं, लगेच शस्त्रक्रिया केली, तर काही कुत्र्यांचा मधुमेह परतही फिरतो. टिकलीची शस्त्रक्रिया आम्ही साखर जरा आटोक्यात येताच करून घेतली, पण तिचा मधुमेह परत फिरला नाही. मी किती महिने उशीर केला याचा हिशेब अजूनही कधीकधी मनात मांडते. ज्यांच्या घरात माजावर येणारी कुत्री आहे आणि निर्णय लांबणीवर पडलेला आहे, त्यांना एवढंच सांगेन की आजच डॉक्टरांशी बोला.

बाबांना स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे घरी आल्यावर ते म्हणाले, "मग माझ्यासारखी गोळी सुरू करू या ना तिला. सकाळ-संध्याकाळ फिरायला मी नेतोच आहे." त्यांना वाटलं, हा आपल्या ओळखीचा आजार आहे. तो तसा नव्हता. बाबांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला जुमानत नाही. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा ते बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. मांजरांचं थोडंफार माणसांसारखं, काहींची इन्सुलिनची सुई पुढे बंदसुद्धा होते. कुत्र्याला ते जन्मभर लागतं, आणि बाबांच्या गोळ्या तिथे उपयोगाच्या नाहीत. दर बारा तासांनी सुई. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला सांगायचं तरी कसं?"

हे मलाही कळत नव्हतं. माणसाला निदान सांगता येतं की हे तुझ्या बऱ्यासाठी आहे.

पहिले तीन दिवस माझे हात थरथरायचे. बाटली फ्रीजमधून काढायची, हळू उलटसुलट करायची, सिरिंजमध्ये औषध ओढायचं, टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा, बाहेर काढायचा. मग मानेमागून जरा खाली, कुशीकडे, चिमटीत कातडी उचलायची. तिचा छोटासा तंबू होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी सुई. खूप वर धरली तर दुसऱ्या बाजूने बाहेर निघते आणि औषध केसांत जातं. माझं पहिल्याच दिवशी तसं झालं. बोटं ओली लागली आणि जखमेवर लावायच्या पट्टीला असतो तसा वास आला. मी रडकुंडीला येऊन डॉक्टरांना विचारलं, आता परत देऊ का? ते म्हणाले, "नाही. किती आत गेलं हे आपल्याला माहीत नाही. आता थेट पुढच्या वेळी." एक वेळ साखर वाढलेली चालते, औषध जास्त झालेलं चालत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला ते खऱ्या अर्थाने कळायला पुढे एक रात्र जावी लागली.

टिकलीला सुईचं काही विशेष वाटलं नाही. सुई केसाएवढी बारीक असते, ती वाडग्यातला शेवटचा घास चाटत असतानाच काम होऊन जायचं. जड गेलं ते दुसरंच.

आमच्या घरात टिकलीशी बोलायची भाषा एकच होती, खाऊ. बाहेरून आलं की तिला काहीतरी. चहाबरोबर बाबांच्या बिस्किटातला कोपरा तिचा. जेवताना ती टेबलाखाली आणि कुणाचा ना कुणाचा हात खाली. आई गेली त्या वर्षी बाबा स्वतः धड जेवत नव्हते, पण टिकलीला भरवायला उठायचे. आता डॉक्टरांनी सांगितलं की रोज तेच अन्न, तितकंच, वजन करून, ठरल्या वेळी, आणि मध्ये काही नाही. इन्सुलिन ठरावीक आहे तर त्याच्यासमोर येणारं अन्नही ठरावीकच हवं, नाहीतर मेळ बसणार नाही. हे समजायला सोपं आहे. पण टेबलाखालून वर बघणारे डोळे समोर असताना हात आवरणं सोपं नाही.

बाबांना ते जमेना. पहिला महिनाभर तिची साखर कधी दोनशे, कधी चारशे. डोस ४ युनिटांवरून ६वर गेला, तरी ताळमेळ लागेना. मग एका दुपारी मी लवकर घरी आले. बाबांचा हात खुर्चीच्या कडेने खाली होता आणि टिकली त्यांच्या तळहातातून बिस्कीट खात होती. बाबांनी मला पाहिलं आणि हात मागे घेतला नाही, तसाच राहू दिला.

"बाबा."

"अगं, एवढुसं आहे. माझ्याच वाटचं तोडून दिलं."

"तिच्या डोळ्यांवर जाईल ते. मूत्रपिंडावर जाईल."

"माहीत आहे मला. तुझ्याआधीपासून माहीत आहे." मग थोडं थांबून, "तिला वाटेल, म्हातारा बदलला."

मी खूप बोलले त्या दिवशी. बोलायला नको होतं तेही बोलले. आज ते आठवलं की त्या वाक्याशीच येऊन थांबते. त्यांना तिच्या साखरेची काळजी माझ्याइतकीच होती. भीती होती ती एवढीच की रोज मिळणारी गोष्ट अचानक बंद झाली तर त्या मुक्या जिवाने त्याचा काय अर्थ लावायचा.

तोडगा डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने काढला. तिला मी हे सहज बोलता बोलता सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिच्याच वाडग्यातले चार दाणे बाजूला काढून ठेवा, बाबांच्या हातून ते द्या. मोजलेल्या अन्नातलेच आहेत, वर काही जात नाही. त्या संध्याकाळपासून बाबांकडे एक छोटी वाटी आली. मी सुई दिली की ते तळहात पुढे करायचे आणि त्यावरचे चार दाणे टिकली एकेक करून उचलायची. पुढच्या दोन आठवड्यांत साखर खाली यायला लागली.

याच ओघात एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्याकडे ती अगदी थोडक्यात टळली. एका नातेवाइकांनी प्रेमाने टिकलीसाठी बिनसाखरेची गोळी आणली होती, मधुमेह्यांना चालते म्हणून. माणसांच्या अशा पुष्कळ बिनसाखरेच्या पदार्थांत झायलिटॉल असतं, गोडीसाठी साखरेऐवजी घातलेलं. माणसाला ते सोसतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने अचानक इन्सुलिन उसळतं, साखर झपाट्याने कोसळते, यकृतालाही इजा होते. ज्या कुत्र्यात इन्सुलिन उरलेलंच नाही त्याच्या यकृताला तरी ते घातकच. मी वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली म्हणून कळलं.

रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी वाचत बसायचे. हा आजार स्वादुपिंडाशी जोडलेला आहे हे माणसाला कळलं ते कुत्र्यांमुळे. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. पचनात त्याचं काम काय, हे त्यांना बघायचं होतं. घरात राहायची शिस्त असलेला तो कुत्रा जागोजागी लघवी करायला लागला, असं सांगतात. तपासली तर तीत साखर. मी तिथे पुस्तक मिटलं होतं. टिकली दाराआड जाऊन बसलेली आठवली.

मग १९२१चा उन्हाळा, टोरांटो. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचाच अर्क टोचून बघितला. त्यांतली मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. पहिलं इंजेक्शन अशुद्ध होतं, फारसं लागू पडलं नाही. त्यांच्याबरोबर काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि मुलाची साखर उतरली. बँटिंग आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना १९२३ साली नोबेल मिळालं. त्या कुत्र्यांपैकी नावाने आठवली जाते ती जवळजवळ एकटी मार्जोरी. बाकीच्यांचे आकडे. मी हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते आपल्या गोळ्यांच्या डबीकडे बघत राहिले आणि मग टिकलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

टिकलीला मिळतं ते इन्सुलिन डुकराच्या जातीचं आहे. ५१ अमिनो आम्लांची ती साखळी कुत्र्याच्या आणि डुकराच्या शरीरात तंतोतंत एकच असते, माणसाच्या साखळीत शेवटाकडे एक दुवा वेगळा. हे वाचलं तेव्हा बाटली हातात घेताना माझी भीती थोडी कमी झाली. तिच्या शरीराला ते परकं वाटणार नव्हतं.

या इन्सुलिनची तीव्रता ४० असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. माणसांचं बहुतेक १००चं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगवेगळ्या, ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी. एकदा आमच्याकडे नारिंगी टोपणाचं पाकीट आलं आणि मी न बघता तीच वापरत राहिले. तोवर डोस आठ युनिटांवर गेला होता. आठाच्या रेघेपर्यंत भरायची, पण जायचे जेमतेम सव्वातीन युनिट. तिसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं दुपारीच रिकामं झालं तेव्हा मला शंका आली. एव्हाना मी भांड्यात पाणी मोजून ओतायला लागले होते. कुत्र्याने दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरहून जास्त पाणी प्यायलं तर काहीतरी बिनसलंय असं समजतात. टिकलीचं वजन १६ किलो. त्या दिवशी ती दोन लिटरच्या वर गेली होती. चूक उलटी झाली असती, १००चं औषध ४०च्या सिरिंजमध्ये भरलं गेलं असतं, तर अडीचपट डोस गेला असता.

एक रविवार आम्ही साखरेचा आलेख काढण्यात घालवला. दर दोन तासांनी कानाच्या कडेला बारीकशी टोचणी, रक्ताचा थेंब, पट्टी. सकाळी साडेसातला ३१२. मग २४८, १७१, दुपारी दीडला १२८, आणि तिथून पुन्हा चढण, १५०, २२१, संध्याकाळी २९०. मी खट्टू झाले, पण डॉक्टर खूश होते. तळ शंभराच्या वर आहे, पाणी कमी पितेय, वजन परत येतंय, यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नका म्हणाले. बाबांनी ते आकडे कागदावर लिहून रेघांनी जोडले. दरीसारखी आकृती झाली. तिच्या रक्तात रोज दोनदा हे होतं, आणि बाहेरून ती नुसती उन्हात झोपलेली दिसते.

आता ती रात्र.

बाबा तोपर्यंत सुई द्यायला शिकले होते. माझ्यापेक्षा शांत हात त्यांचा. मला उशीर होणार असला की ते द्यायचे. त्या संध्याकाळी मी उशिरा येणार असं सांगितलं होतं, पण काम लवकर आटोपलं. घरी आले तेव्हा सात पस्तीस झाले होते. वाडगा रिकामा, बाबा आत आंघोळीला गेलेले. मला वाटलं, जेवण दिलं, सुई माझ्यासाठी ठेवली. मी आठ युनिट भरले आणि दिले. बाबांनी त्याआधी दहा मिनिटं आठ दिले होते. आम्ही एकमेकांना विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, झालंच आहे.

अकराच्या सुमारास टिकली उठली आणि तिचे मागचे पाय फाकले. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. मी जवळ गेले तर तिचा ओठ थरथरत होता, फक्त डावीकडचा, आतून कुणी दोरा ओढत असल्यासारखा. डोळे उघडे, पण माझ्यावर येत नव्हते. मी हाक मारली. कान हलला नाही. बाबांचं साखर तपासायचं मशीन काढलं, कानातून थेंब घेतला. ३८. माणसांचं मशीन कुत्र्याच्या रक्ताचा आकडा थोडा कमी दाखवतं हे मला माहीत होतं, पण तेवढा हिशेब करायची ती वेळ नव्हती.

मध. बोट मधात बुडवून ओठाखाली हिरड्यांवर चोळायचा. तोंडात ओतायचा नाही, गिळता येत नसेल तर श्वासात जातो. मी चोळत होते आणि हिरड्या गार लागत होत्या. बाबा दारात उभे होते. "असं कसं झालं? जेवली होती. मी स्वतः सात पंचवीसला सुई दिली."

माझं बोट तिच्या तोंडातच थांबलं.

"बाबा, मीपण दिली."

ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी दाराची चौकट धरली. मग चादर ओढून त्यांनी टिकलीला गुंडाळलं आणि उचललं, सत्तर वर्षांचे बाबा, सोळा किलोची टिकली, आणि आम्ही निघालो. वाटेत मी मध चोळत राहिले. पंधराएक मिनिटांनी तिने जीभ बाहेर काढून माझं बोट चाटलं. दवाखान्यात रात्रभर सलाइनमधून ग्लुकोज चाललं. ते इन्सुलिन अंगात कित्येक तास काम करत राहतं, त्यामुळे एकदा साखर वर आली म्हणून सोडून देता येत नाही. पहाटे ती बसती झाली. सकाळची सुई डॉक्टरांनी देऊ दिली नाही.

त्या दिवसापासून फ्रीजवर तक्ता आहे. तारीख, सकाळ, संध्याकाळ, किती खाल्लं, किती युनिट, सही. सही नसेल तर एकमेकांना विचारायचं. विचारूनही शंका राहिली तर द्यायचं नाही. आणि त्या दिवसापासून बाबांनी सिरिंजला हात लावला नाही. मी एकदा म्हटलं, चूक दोघांची होती. ते म्हणाले, "असेल. पण माझा हात आता तिकडे जात नाही." चार दाण्यांची वाटी तेवढी त्यांनी सोडली नाही.

डोळे त्यानंतर महिनाभरात गेले. हे होणार हे माहीत होतं. मधुमेह झालेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात मोतीबिंदू होतो, साखर बरी ठेवली तरी पुष्कळदा होतो. डोळ्यातल्या भिंगात जास्तीची साखर शिरते, तिचं सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडू शकत नाही आणि आत पाणी ओढतं. भिंग फुगतं, दुधाळ होतं. आधी वाटलं, उजेडाचा भास आहे. मग एका सकाळी बाहुल्या निळसर पांढऱ्या दिसल्या. शस्त्रक्रिया करून भिंग बदलता येतं, अनेक कुत्र्यांना पुन्हा छान दिसायला लागतं. आम्हीही दाखवलं. टिकलीच्या डोळ्यांत आतून दाह होता आणि पडदाही ठीक नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं.

पहिला आठवडा ती भिंतीला टेकून चालायची. मग हळूहळू तिने घर पाठ केलं. आम्ही एकही खुर्ची हलवली नाही. पाण्याचं भांडं त्याच फरशीवर. जवळ जायच्या आधी आम्ही नाव घेतो, न बोलता हात लावत नाही. सुईच्या आधी तर नाहीच. आवाज, मग हात, मग चिमूट, मग सुई, मग चार दाणे. हा क्रम चुकला तर तिचं अंग आक्रसतं. बरोबर असला तर ती मान खाली करून उभी राहते आणि फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज झाला की आपणहून चटईवर येते.

गेल्या महिन्यात मी एका दिवसासाठी बाहेरगावी गेले होते. संध्याकाळी सातच्या आत परतायचं होतं. परतीची गाडी मध्येच अडकून पडली. सात वाजले, सव्वासात झाले. मी बाबांना फोन लावला. दवाखान्यातल्या त्या मुलीला घरी बोलावता येईल का, विचारून बघू का, असं काहीतरी सांगत होते. बाबांनी मध्येच थांबवलं.

"वाडगा रिकामा झालाय. सगळं खाल्लं तिने. आता किती वाट बघायची?"

त्यांनी फोन जमिनीवर कशाला तरी टेकवून ठेवला असावा, कारण मला दिसत होती चटईची कड, टिकलीचे पुढचे दोन पाय आणि बाबांचा गुडघा.

"तक्ता बघितलात?"

"तीनदा बघितला. सकाळच्या चौकटीत तुझी सही. संध्याकाळची रिकामी आहे."

"टोपण लाल आहे?"

"लाल आहे."

सिरिंज पडद्यासमोर आली. इतकी जवळ की आधी नुसताच लाल-पांढरा धुरकट पट्टा दिसला, मग त्यांनी मागे घेतली. दट्ट्याची काळी कड आठाच्या रेघेवर होती. हात थोडा कापत होता, रेघ वरखाली होत होती.

"बुडबुडा आहे बाबा. टिचकी मारा."

टिचकी ऐकू आली. पुन्हा एक. पुन्हा सिरिंज पडद्यासमोर, या वेळी स्थिर.

"आता बरोबर आहे," मी म्हटलं.

ती पडद्यावरून बाजूला गेली. टिकलीचे पाय हलले नाहीत.

"टिकले," बाबा म्हणाले, "मी आहे गं."

मग काही वेळ काहीच आवाज नाही. माझ्या डब्यातला पंखा तेवढा घरघरत होता. मी फोन कानाशी दाबून धरला, आणि मला कुरुम असा आवाज आला. मग दुसरा. तिसरा. चौथ्याला जरा वेळ लागला, तळहाताच्या घडीत अडकला असेल.

"सात एकेचाळीस," बाबा म्हणाले. "थांब, पेन शोधतो."